शहागडचा काठ मी उलटी चढले

मित्रांनो, मी एक जुनी सर्विस मोटार हाय. जुनी म्हणून कुणी माह्या मडगार्डावर पाय ठिवून बिडी वढाया लागलं, तं मला आजबी राग येतो. ऐकायचं असंल तं खाली उतरून ऐका.

मी नवी होते तव्हा जालन्याकडं निजामाचं राज होतं. एका जिनिंगवाल्या शेठनं मला आणल्तं. चार वर्सं मिरवलं आन् मंग कंटाळला. त्याच्याकडून मला दोघा भावांनी घेतलं. थोरला मच्छिंद्र, धाकटा भुजंग. त्यांनी माहं मागलं अंग कापलं, लाकडी बाकडे ठोकले, वर ताडपत्री ताणली. जालना, अंबड, शहागड अशी माही लाईन सुरू झाली. जागा आठ माणसांची, बसायचे चौदा, आन् एखांदी शेळी येगळी. लगनसराईत लोक माह्या भोंग्याला हार घालायचे. मला ते लई आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मंग त्याच लाईनीवर कडूबा नावाच्या मोटारवाल्यानं दोन कोऱ्या लाऱ्या टाकल्या. तरी लोक माह्यातच बसायचे, कारण मच्छिंद्र म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून दारापस्तोर सोडायचा. कडूबाला ते खपलं न्हाई.

एका भर दुपारी मी अंबडला चिंचंखाली उभी होते. भुजंग टपाल आणाया गेल्ता. मच्छिंद्र हिरीवर हातपाय धुवाया गेला. तेवढ्यात कडूबाचा डायवर रखमाजी आला, माहं बानट उचललं आन् तेल टाकायच्या भोकातून ओंजळ-ओंजळ वाळू आत सोडली. मला सारं कळून राह्यलं होतं. मोटारीला बोंबलता येत न्हाई, हेच तं दुःख हाय.

मच्छिंद्र परत आला.

"काय करून राह्यला रे?" त्यानं रखमाजीची मान धरली.

रखमाजीनं माह्या पायरीवरला चाकाचा पान्हा उचलला. सरळ मारला. पहिला घाव कानावर, दुसरा डोक्यावर, तिसरा खाली पडल्यावर. रगत माह्या पायरीवरून खाली गळालं. तेवढ्यात मच्छिंद्रची बायको सोनूबाई भाकरी घेऊन आली. तिनं रखमाजीचं तोंड बराबर पाह्यलं. रखमाजीनंबी तिला पाह्यलं, आन् तो पळाला.

भुजंग धावत आला. वाळूचं त्याला काय माहीत? त्यानं भावाला माह्या बाकड्यावर सोनूबाईच्या मांडीवर टाकलं, हँडल मारलं आन् मला जालन्याच्या दवाखान्याकडं पिटाळलं. मच्छिंद्र जिता होता, मित्रांनो. पाणी मागत होता. तीन कोसावर माह्या पोटात वाळूनं सारं घासून टाकलं, दांडा तुटला आन् इंजिनाची कूस फोडून बाहेर आला. मी रस्त्यात मेले. जराशानं माह्यातच मच्छिंद्र मेला. सोनूबाईनं त्याचं डोकं मांडीवरून खाली ठिवलं न्हाई.

सोनूबाईच्या सांगण्यावरून रखमाजीला धरलं, पण तो जामिनावर सुटला. त्या दिशी आपण परतूरच्या बाजारात होतो, असं त्यानं लिहून देलं. कडूबानं तीन साक्षीदार उभे केले. खरं पाहणारी एकटी सोनूबाई. तिला मारायची धमकी आली म्हणून भुजंगानं तिला गंगेपल्याड, गेवराईकडं माहेरी लपवलं. गंगा म्हंजे आमची गोदावरी. अंबडच्या अदालतीत तारीख लागली वैशाखात. ती आली न्हाई तं रखमाजी मोकळा. आन् कडूबानं सगळ्या गाडीवानांला सांगून ठिवलं, जो तिला बसवील त्याचे बैल कापीन.

म्हणून भुजंगानं मला जालन्याला श्रीपती मिस्तरीच्या शेडात वढत नेलं.

"हिचं इंजिन गेलं," श्रीपती म्हन्ला. "ह्याची भांडीबी व्हायची न्हाईत."

"दुसरं बसव. पंधरा दिस हायेत."

"इंजिन काय वांग्याचं रोप हाय का, उपटलं आन् लावलं? मोजमाप घ्यावं लागतं."

मंग मोजमाप सुरू झालं. श्रीपतीनं सुतळीनं माही छाती मोजली. लांबी किती, रुंदी किती, पंख्याला जागा किती, पाय कुठं टेकतील. कोळशानं शेडाच्या भिताडावर यादी लिहिली. मनमाडला, इंग्रजांच्या हद्दीत, एका भंगारवाल्याकडं पलटी झालेल्या लारीचं चांगलं इंजिन होतं. तीनशे रुपये. मालगाडीचं भाडं, इंजिन टेकवाया लोखंडी पट्ट्या, पाण्याची टाकी झाळायची, आन् शेवटी पेट्रोलची टाकी वर घ्यायची.

पैसा कुठून आणला, सांगू? मलाच इकून. माहा पितळी भोंगा गेला. कडेचा आरसा गेला. जास्तीचं चाक गेलं, ताडपत्री गेली. माहं फुटलेलं इंजिनबी भंगारात तोलून देलं. मला नवा जीव द्यायला माहेच हातपाय इकून राह्यला होता तो. मी रागानं पेटले होते. पण मच्छिंद्राचं रगत माह्या पायरीवर अजून वाळलेलं होतं, म्हणून गप बसले.

भुजंग कमरेला तीनशे बांधून मनमाडला गेला आन् तिसऱ्या दिशी तोंड पाडून आला.

"काय झालं?"

"तीनशे कलदार मागतो तो. इंग्रजाचा रुपया."

"आन् तू हाली नेले?"

"निजामाच्या राज्यात दुसरा कोणता रुपया असतो?"

श्रीपतीनं कपाळावर हात मारला. हाली रुपया कलदारापेक्षा हलका. तीनशे कलदाराला साडेतीनशे हाली मोजावे लागतात. माहं आखं अंग मापून काढलं दोघांनी, पण रुपया कोणता हे कुणी इचारलं न्हाई. पन्नास कमी पडले. पंचवीस भुजंगानं माहे बाकडे इकून आणले. उरलेले पंचवीस भिताडावरल्या यादीतूनच पुसावे लागणार होते. भुजंगानं शेवटच्या ओळीवर बोट ठिवलं.

"ही टाकी राहू दे खालीच. शिटाखाली हाय तशी."

"आरं, ह्या इंजिनाचा कारबोरेटर उंचावर हाय. पेट्रोल आपसूक वाहत जातं, त्याला ढकलणारं कुणी न्हाई. सपाटीला जाईल. चढावर मोटारीचं नाक वर झालं की टाकी राहती खाली. घोटभरबी जायचं न्हाई."

"चढ कुठंय? शहागडपस्तोर सारं सपाट हाय."

"आन् गंगेचा काठ? तो काय तुह्या आज्यानं सपाट केला?"

"एकच चढ हाय, मिस्तरी, पल्याडचा काठ ठेंगणा हाय. ढकलू."

श्रीपतीनं ती ओळ पुसली. माह्याकडं पाह्यलं न्हाई.

तारखेच्या दिशी सकाळी सकाळी भुजंग सोनूबाईला घ्याया आला. माह्यात बाकडे नव्हते, म्हणून ती पुढं त्याच्या बाजूला बसली. वैशाख असल्यानं गंगा आटलेली. आम्ही वाळूतून, घोटाभर पाण्यातून अल्याड आलो. समोर शहागडचा काठ. भुजंगानं दम भरून मला चढावर घातलं.

अर्ध्यात गेले आन् माहा घसा कोरडा पडला. एक उचकी, दोन उचक्या. बंद. मी मागं घरंगळाया लागले. भुजंगानं बॅक गेर टाकून क्लच सोडला, तशी खाली आल्या आल्या मी पुन्यांदा चालू झाले.

तव्हाच झाऊच्या झुडपातून पाच जण निघाले. चौघांकडं लाठ्या. पुढच्याकडं कुऱ्हाड. तो रखमाजी होता. ढकलायला कुणाला उतरवता?

"पेट्रोल सरलं का, भाऊजी?"

"न्हाई वहिनी. भरलेली हाय. टाकी खाली राहती आन् इंजिन वर."

"मंग हिचं तोंड खाली करा की. टाकी वर होईल."

भुजंगानं तिच्याकडं एक बारी पाह्यलं. मंग कचकन चाक फिरवलं, मला वाळूत गरकन वळवलं आन् माह्या पाठीकडून चढ धरला. माहं तोंड गंगेकडं, त्याचं तोंड मागल्या रस्त्याकडं. आरसा इकलेला, म्हणून मान पार वळवून बसावं लागलं त्याला. समोरून काय येऊन राह्यलं ते मला दिसत होतं, त्याला न्हाई.

मी चढत होते. पण बॅक गेराला पळ नसतो. पहिली लाठी माह्या डाव्या दिव्यावर पडली, दुसरी उजव्या. समोरची काच एका दगडात गेली आन् भुजंगाच्या गालात घुसली. मान हालवली तं गाडी दरीत, म्हणून त्यानं हालवली न्हाई. रखमाजी माह्या बानटावर चढला. डाव्या हातानं काचेची चौकट धरली आन् उजव्यानं कुऱ्हाड भुजंगाच्या खांद्यात बसवली. कडाक् वाजलं. भुजंग वरडला, पण पाय काढला न्हाई.

सोनूबाईच्या पायाजवळ माहं हँडल पडलेलं होतं. लोखंडी, दीड हात लांब. तिनं दोन्ही हातांनी उचललं आन् रखमाजीच्या चौकटीवरल्या बोटांवर हाणलं. चौकट माही, मित्रांनो, म्हणून सांगते की तीन बोटं मोडली, मला बराबर जाणवली. तरी तो सुटंना. तिनं दुसरा घाव जबड्यावर घातला. तो मागल्या दोघांवर कोसळला आन् तिघंबी घरंगळत वाळूपस्तोर गेले.

मी काठावर पोचले. भुजंगाचा उजवा हात दोरीसारखा लोंबत होता. सोनूबाईनं लुगडं फाडून खांदा आवळला.

"मी पाय दाबतो," तो म्हन्ला. "चाक तुम्ही धरा."

तिनं जलमात चाक धरलं नव्हतं. दहा कोस धरलं.

अदालतीच्या खिडकीखाली मला उभं केलं. आतलं सगळं मला ऐकू येत होतं. दुपारनं रखमाजीबी आला. गैरहजर राह्यला तं जामीन जाईल, म्हणून यावंच लागलं. जबड्याला फडकं बांधलेलं. त्याचा वकील सोनूबाईवर वरडला.

"दुपारचं ऊन, पळता माणूस. तू तोंड पाह्यलंस का नुसती पाठ, बाई?"

"तोंड पाह्यलं. दोन बारी."

"दोन बारी कसं?"

"एक बारी माहा नवरा मारला तव्हा. दुसरी बारी आज सकाळी, मला माराया आला तव्हा. त्याला म्हणावं, डावा हात उपरण्यातून बाहेर काढ."

 मंग जज्जसाहेबांचा आवाज आला, "निकालो हाथ."

तीन मोडकी बोटं साऱ्या अदालतीनं पाह्यली, आन् रखमाजीला जलमठेप झाली. कडूबाला काई झालं न्हाई, त्याच्या लाऱ्या आजबी पळतेत. भुजंगाचा हात पुन्यांदा खांद्याच्या वर गेला न्हाई. त्याला आता सदरा सोनूबाई घालून देती.

मित्रांनो, मला हार नगं, पूजा नगं. जुन्या गाडीत नवं इंजिन खुशाल घाला, खर्च्याची यादीबी करा. पण पैसे कमी पडले की सपाट रस्ता आठवून ओळ पुसू नका. त्या गाडीत कोण बसणार हाय, ते आधी आठवा.