धुरासाठी धावलेला ट्रक

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. मूळची चाकं सहा, सध्या तीन उरली आहेत. बाकीची कुणी नेली ते विचारू नका. नेणारे ओळखीचेच होते.

कारखान्यातून निघालो तेव्हा रंग इतका ताजा होता की धूळसुद्धा बिचकून बसायची. पहिल्या दिवशी ड्रायव्हरकाका माझ्यावर चढले आणि तेवीस वर्षं त्यांनी दुसरी गाडी धरली नाही. सिमेंट, कपाटं, औषधं, एकदा तर अख्ख्या शाळेची बाकं आम्ही पोचवली. माल उतरला की काका पोचपावतीवर सही घेत. सहीशिवाय ते जागचे हलत नसत.

वय झालं तसा मी धूर ओकू लागलो. मालक मला भंगारात काढायला निघाले होते, तेवढ्यात बातमी आली : वाहतुकीच्या धुरावर मर्यादा येणार, धुरासाठी परवाने लागणार. योजना दोन होत्या. मालकांच्या मुलीने दोन्हींचे कागद माझ्या बॉनेटवर शेजारीशेजारी मांडले. एकीत परवाने डिझेल विकणाऱ्याने घ्यायचे. आपल्याला फक्त डिझेल महाग पडणार. दुसरीत परवाने वाहतूक कंपनीलाच, तेही फुकट. यंदा जितका धूर, तितके परवाने. पुढे धूर कमी केला की उरलेले विकायचे.

"म्हणजे यंदा जास्त धूर करेल त्याची चांदी?" मालकांनी विचारलं.

"बाबा, कुठली योजना येणार ते अजून ठरलेलं नाही."

मालकांचं मात्र ठरलं होतं. "ह्या म्हाताऱ्याला रोज पळवा. ह्याच्याइतका धूर दुसऱ्या कुणाला जमत नाही!"

खोकल्याबद्दल शाबासकी मिळालेला मी बहुधा पहिलाच म्हातारा.

"माल कुठला न्यायचा, मालक?" काकांनी विचारलं.

"कुठलाच नाही. घाट चढायचा, उतरायचा."

"मग सही कुणाची घेऊ?"

"काका, निवृत्तीला दीड वर्ष उरलंय ना तुमच्या? ही गाडी चालतेय तोवर तुमची नोकरी. सह्या कसल्या मागताय?"

आम्ही धावू लागलो. रिकामा हौदा दिवसभर खडखडायचा. चढ आला की काका स्टिअरिंगवर थाप मारून म्हणत, "एवढा एक चढ, गड्या."

आठव्या महिन्यात असाच एक चढ मला झेपला नाही. इंजिन जाम झालं.

"मागं काय भरलं होतं एवढं?" मेकॅनिकने विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

पुढच्याच आठवड्यात योजना जाहीर झाली. पहिली! परवाने डिझेल विकणाऱ्याकडे. आमचा आठ महिन्यांचा धूर कुणाच्याच उपयोगाचा नव्हता. तो मात्र अजून वरच आहे.

डिझेल महागलं, मालकांनी माणसं कमी केली. पहिलं नाव काकांचं. शेवटच्या दिवशी त्यांनी माझी काच पुसली, हँडब्रेक ओढला, चावी ऑफिसात दिली आणि चालत फाटकाबाहेर गेले. एवढ्या वर्षांत मी त्यांची पाठ कधी पाहिली नव्हती.

मित्रांनो, मी थांबलो याचं मला दुःख नाही. माझ्यासारख्या धुरकटांनी थांबायलाच हवं. पण उद्या तुमच्यातलं कुणी असे नियम लिहायला बसलं, तर धूर करणाऱ्याला बक्षीस ठेवू नका. आणि गाडी थांबवण्याआधी ती चालवणाऱ्याची सोय करा. मी लोखंड आहे, वितळवलं की पुन्हा काहीतरी होईन. काकांना एकोणसाठ पूर्ण झाली आहेत.