डब्यावरचा पूल

हसू नका मित्रांनो, मी बँडवाल्याचा डगला नाही. ही पितळी बटणं आणि खांद्यावरची लाल पट्टी बघून भलेभले फसले आहेत. मी एक जुना ओव्हरकोट आहे, लालबागला शिवलेला आणि जर्मनी बघून आलेला. आता पत्र्याच्या ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या संगतीत पडून असतो. मुंबईच्या उकाड्यात माझ्यासारख्याला विचारतो कोण?

माझ्या रूपाचा दोष बुधाजी शिंप्याचा. चाळीच्या जिन्याखाली त्याचं मशीन होतं आणि जन्मभर त्यानं लग्नातल्या बँडवाल्यांचेच पोशाख शिवले होते. पंचावन्न साली चाळीतला वसंत गिरणीतर्फे जर्मनीला नवं यंत्र शिकायला निघाला, तेव्हा बुधाजीला जो कोट ठाऊक होता तोच त्यानं घोंगडीसारख्या जाड कापडातून उभा केला. वसंतानं मला बघून कपाळाला हात लावला.

"बुधाजी, अरे मी काय वरातीला चाललोय?"

"थयच्या गोऱ्यांका कळाक व्हया, लालबागचो माणूस इलो!" बुधाजी छाती काढून म्हणाला. वसंतानं हसत मला अंगात चढवलं आणि त्या क्षणी मी त्याचा झालो.

वसंताचे वडील अप्पा गिरणीच्या रंगखात्यात होते. सगळी हयात रंगाच्या हौदांपाशी गेल्यामुळे त्यांचे हात कोपरापर्यंत निळे पडले होते, साबणानं घासा नाहीतर राखेनं, ढिम्म हलत नसत. रंग यायचा जर्मनीहून, पत्र्याच्या डब्यांतून. डब्यावर एक कागदी चित्र चिकटवलेलं असे: नदी, नदीवर लोखंडी पूल, पलीकडे उंच मनोरा आणि त्याला खेटून उतरत्या छपरांची घरं. खाली शहराचं नाव, फ्रँकफुर्ट. अप्पांना त्या चित्रानं वेड लावलं होतं. एक चित्र त्यांनी अलगद सोडवून घरी आणलं आणि देवांच्या फळीशेजारी डकवलं. राधाबाई, म्हणजे त्यांची बायको, देवपूजा करताना म्हणायच्या, "एक दिवस चुकून त्या पुलालाच गंध लावीन मी!"

निघताना वसंत पाया पडला, तेव्हा अप्पांनी त्याच्या हातात नारळ दिला आणि हळूच म्हणाले, "वसंता, ह्यो पूल खरोच आसा काय, ता बघ. आणि माका येऊन सांग." म्हाताऱ्यानं आयुष्यात पोराकडे मागितलं ते एवढंच.

कारखाना फ्रँकफुर्टपासून लांब होता. तिथं माझं भाग्य उजळलं. हाडं गोठवणाऱ्या थंडीत मी वसंताला असा जपला की इतरांचे दात वाजत आणि हा मजेत शीळ घाली. त्या दिवसांइतका मी पुढे कधीच कुणाच्या उपयोगी पडलो नाही.

जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर जाहीर झालं आणि गिरणगाव पेटलं. रस्त्यावर दगड, अश्रुधूर, गोळ्या. अप्पा काही मोर्चाला गेले नव्हते हो. गॅलरीत वाळत घातलेलं धोतर काढायला उठले आणि खालून आलेली गोळी त्यांच्या बरगडीत शिरली. त्यांना इस्पितळात नेलं. शुद्धीवर आले की एकच विचारायचे, "वसंता इलो?"

तिकडे वसंतानं मुंबईच्या दंगलीचं वाचलं आणि घाबरून घरी तार केली. अप्पांचे धाकटे भाऊ तात्या घरातले कर्ते. वसंताची बायको बकुळा त्यांना म्हणाली, "तात्या, खरं कळवू या. हे लगेच निघतील." तात्यांनी नकारार्थी मान हलवली.

"वाटेवरल्या माणसाक वायट खबर धाडूची नाय, बाय. त्याचो पाय अडकता. तो सुखान येवंदे."

मित्रांनो, तात्या काही दुष्ट नव्हते. कोकणातून आलेल्या त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं होतं. तात्यांनी उलट तार केली: सगळे खुशाल, सावकाश ये.

झालं! वसंताच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याचं शिक्षण संपलंच होतं. परतीचं विमान धरायला फ्रँकफुर्टला पोचला तेव्हा कारखान्याचा माणूस म्हणाला, "आजच्या विमानात जागा आहे. पण हवं तर आजचा दिवस शहर बघा आणि उद्या जा." घरी सगळे खुशाल होते. वसंत पूल बघायला राहिला.

बर्फ पडत होतं. ट्रामच्या थांब्यावर एका म्हातारीनं माझी बटणं बघितली आणि वसंताला कंडक्टर समजून त्याच्यापुढे पैसे धरले. वसंतानं गोंधळून नमस्कार केला. म्हातारी अशी खळखळून हसली की विचारू नका! त्यानं खिशातून, घरून निघताना सोबत घेतलेलं डब्यावरचं दुसरं एक चित्र काढून दाखवलं, तशी तिचं हसू विरलं. त्याचा हात धरून तिनं त्याला नदीवर नेलं.

पूल होता! लोखंडी, लांबलचक, खरोखरीचा. मनोराही होता. पण घरं? म्हातारीनं दोन्ही हात वर करून "धडाम" असा आवाज केला. मनोऱ्याभोवती नुसतं मोकळं रान होतं, बर्फाखाली विटांचे ढीग. मग पायाखालच्या पुलाकडे बोट दाखवून ती पुन्हा म्हणाली, "धडाम." तोही लढाईत पडला होता, नंतर परत बांधलेला.

ती गेल्यावर वसंत कठड्याला टेकून एकटाच पुटपुटत राहिला. "अप्पा, सगळं आहे. अगदी चित्रातल्यासारखं." दोनतीनदा म्हणून बघितलं. म्हाताऱ्याचा विरस कशाला करायचा? कठड्याच्या रंगाचा एक पोपडा सुटला होता, तो त्यानं अप्पांसाठी माझ्या खिशात ठेवला. रंगाची पारख असलेला माणूस, त्याला तेवढ्यानं आनंद झाला असता.

मुंबईला उतरला तो टॅक्सीनं थेट लालबागला. मी अंगावरच होतो, घामानं चिंब. जिना चढता चढताच तो ओरडला, "अप्पा! पूल आहे हो! खरा आहे पूल!"

 दारात तात्या होते, आत राधाबाई मोकळ्या कपाळानं बसलेल्या. त्याच पहाटे अप्पा गेले होते. वसंत कधी पोचेल ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून सकाळीच तात्यांनी अग्नी दिला होता. एक दिवस, मित्रांनो. एका दिवसानं बापलेक चुकले.

दहाव्याला दादरच्या समुद्रावर गेलो. वसंताला ताप होता, म्हणून तात्यांनी मला हातावर घेतलं होतं. पिंड ठेवला. कावळे समोरच्या माडावर ओळीनं बसलेले, पण एकही खाली येईना. अप्पांची काहीतरी इच्छा राहिली, सगळे म्हणाले.

"अप्पा, वहिनीक मी सांभाळतंय," तात्यांनी हात जोडले. कावळा हलला नाही.

"अप्पा, मुंबई घेतल्याशिवाय राहणार नाही!" बुधाजी ओरडला. कावळा हलला नाही.

मग वसंत पुढे झाला. माझ्या खिशातला पोपडा काढून त्यानं पिंडाजवळ ठेवला. "अप्पा, पूल खरा आहे. घरं आहेत. सगळं चित्रातल्यासारखं आहे."

कावळा हलला नाही.

वसंत पिंडापाशी खाली बसला. "नाही अप्पा, खोटं बोललो. घरं नाहीत. पूलही मोडून पडला होता, परत बांधलाय. अप्पा, मला खुशाल म्हणून कळवलं हो! नाहीतर मी थांबलो असतो का?"

तात्यांच्या बोटांनी माझी अस्तनी अशी आवळली की तिथली शिवण उसवली. कावळे बसल्या जागी बसून होते. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे घरी आले. पोपडा वसंतानं पुन्हा माझ्या खिशात टाकला.

पुढे साठ साली मुंबई महाराष्ट्राला मिळाली. चाळीत दिवे लागले, ढोल वाजले, ते मी ट्रंकेतून ऐकलं. तात्यांनी गॅलरीच्या कठड्यावर कावळ्यासाठी एक पेढा ठेवला. बकुळा नंतर सांगत होती, संध्याकाळी त्याला मुंग्या लागल्या. तात्यांशी वसंत तोवर बोलेनासा झाला होता आणि ते असेपर्यंत बोलला नाही. त्यानं नंतर मला घातलं नाही, कुणाला दिलंही नाही. शिवण उसवलेलीच राहिली.

तर मित्रांनो, मला ऊन दाखवा, डांबरगोळ्या बदला, असं काही माझं मागणं नाही. कसर लागायची ती लागेल. पण तुमच्या घरचं माणूस लांब गेलेलं असेल आणि त्यानं विचारलं, कसे आहात, तर खरं ते सांगा. त्याचा पाय अडकू दे, जीव तुटू दे, रडत येऊ दे त्याला. येऊ तर दे.