खिशातला फ्यूज

बहिणीने गळ घातली म्हणून भाचीला वायरिंगच्या कामावर घेतलं. पहिल्याच दिवशी बजावलं, "मी तारांना हात लावला की मेन फ्यूज तुझ्या खिशात."

आज मी शिडीवर होतो, एका हातात पक्कड, दुसऱ्यात उघड्या तारा. खाली ही घरमालकाशी कचाकचा भांडत होती. माझं डोकंच सणकलं. तरातरा उतरलो.

"अक्कल गहाण टाकलीस का? गिऱ्हाईकाशी हुज्जत घालतेस?"

"मामा, ते फ्यूज मागतायत. मॅच संपत आलीय म्हणे. पाच मिनिटं लाव म्हणतात."

"मी वर आहे, सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना! म्हणाले, मामाला कळणारसुद्धा नाही."

हातातली पक्कड मी आधी भाचीकडे दिली. मग मालकाकडे वळलो.