फणसाच्या खोडाची हाक

जावा बेटावरच्या आमच्या वाडीत पाक दिर्जोंच्या, म्हणजे दिर्जोबाबांच्या, मुलाचे लग्न झाले, त्या वर्षी माझे झाड पाडले गेले. लग्नाच्या जेवणासाठी माझ्यावरचे शेवटचे कोवळे फणस उतरवले, गूळ आणि नारळाचे दूध घालून त्यांची भाजी शिजवली. चुलींना जळण कमी पडले, म्हणून मग मलाच कुऱ्हाड लावली. फांद्या जळाल्या, बुंधा उरला. तो फोडायला माणसे आली तेव्हा नवी सून सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, हा बुंधा आमच्या शाळेला द्याल का? तिथं वाजवायला काहीच नाही. मुलं सूर्य बघून येतात आणि ढग आले की येतच नाहीत."

वऱ्हाडी हसले. पाक दिर्जो हसले नाहीत. ते वाडीचे प्रमुख होते आणि हाताने सुतार होते. त्यांनी मला अंगणात आडवे घातले, पोटातून कोरून पोकळ केले, पुढच्या बाजूला उभी चीर पाडली. उरलेल्या तुकड्याचे टिपरू केले, त्याची मूठ दगडावर घासून गुळगुळीत केली. असा मी झालो.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी टोल आहे. आमच्याकडे मला केंतोंगान म्हणतात. त्या सुनेचे नाव पार्तिना. मुले तिला 'बू गुरू' म्हणत, म्हणजे गुरूबाई.

मला शाळेच्या वर्गाच्या दारात, कडुलिंबाच्या खांबाला टांगले. शाळा नदीच्या उंच काठावर होती. बाईंचे घर, पाक दिर्जोंचे घर आणि निम्मी वाडी पलीकडच्या काठावर. पूल नव्हता. बाई रोज सकाळी त्या बाजूची मुले गोळा करून, साडी नव्हे, लुंगीसारखे सारोंग गुडघ्यापर्यंत खोचून, नदीच्या वाळूतून चालत येत. धाकट्याला कडेवर घेत, थोरल्यांना हात धरायला लावत. वर्गात आल्यावर आधी पाय पुसायला लावत, मग नाके, मग प्रार्थना. एकाच खोलीत दोन इयत्ता. एका बाजूला अक्षरे चालली की दुसऱ्या बाजूला गणित. पाढ्यांना ताल हवा म्हणून त्या माझ्यावर हलकेच टिपरू मारत. मी अक्षरे उशिरा शिकलो, तीही अशीच, दारात लटकून. फळ्यावरचे मला तिरके दिसे, त्यामुळे आजही मला अक्षरे जरा कललेलीच ओळखू येतात.

माझे बोल साधे. शाळा भरताना संथ ठोके, सुटताना दुहेरी ठोके. आणि एक बोल निराळा, तितिर. न थांबता, जलद, एकावर एक. आमचा डोंगर ज्वालामुखी आहे, त्याला सगळे आजोबा म्हणतात. आजोबांच्या माथ्यावर पाऊस कोसळला की राख, दगड आणि चिखल यांचा लोंढा नदीतून खाली येतो. खाली ऊन असते, पाखरे गात असतात, आणि लोंढा येतो. तेव्हा तितिर वाजवायचे. ते वाजत असेपर्यंत वर पळायचे. ते थांबले की संकट गेले, परतायचे. आमच्याकडे लहान मूलसुद्धा हे चालायच्या आधी शिकते.

मुलांना तितिरचा भारी मोह. बाई पाठमोऱ्या झाल्या की बाकांवर तळहातांनी सुरू. एकदा बाई वळल्या आणि खडू खाली ठेवला.

"कोण वाजवत होतं?"

सगळ्यांचे हात बाकांखाली गेले.

"तितिर खेळायला नसतं. ते वाजलं की माणसं जीव घेऊन पळतात. वाजवणाऱ्यानं मध्येच हात थांबवला तर?"

"तर ती परत खाली जातील, बू," लेगिना म्हणाली. ती चौथीतली, पलीकडच्या काठावरची.

"आणि हात दुखला तर?" मागून एकाने विचारले.

"तर शेजारच्यानं वाजवायचं. तुझा हात भात खाताना दुखत नाही, तेव्हाही दुखणार नाही."

वर्ग हसला. बाईही हसल्या. पण त्यांनी पुन्हा कधी ते बाकांवर वाजू दिले नाही.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. शेतात वाकलेल्या बायका माझा आवाज ऐकून म्हणत, "शाळा भरली, आता आपलंही न्याहारीचं बघा." मग एका वर्षी आजोबा जागे झाले. दिवसा अंधार झाला, शेतांवर राख बसली. ती निवली तेव्हा नदीचे पात्र उत्तम काळ्या वाळूने भरून गेले होते. शहरातून ट्रक येऊ लागले. ज्यांची शेते राखेखाली गेली, ते सगळे फावडी आणि चाळण्या घेऊन पात्रात उतरले. मुलेही उतरली. बाके रिकामी पडू लागली. बाई शाळा सुटल्यावर वाळूत एकेका चाळणीपाशी जात आणि म्हणत, "उद्या पाठवा हं हिला." लेगिनाची आई वाग्येम हात न थांबवता म्हणे, "पाठवीन की, बू. तुम्ही चाळायला बसा तिच्या जागी."

मी लाकूड आहे. माझा खांब जमिनीत खोल आहे, आणि डोंगरात काही हलले की ते माझ्या पोकळीत आधी उतरते. त्या वर्षापासून मला एक गुणगुण जाणवू लागली. सांगणार कोणाला? मला वाजवावे लागते, मी आपणहून बोलू शकत नाही.

एका दुपारी माथ्यावर काळे ढग दिसले आणि बाईंनी तितिर वाजवले. पात्र रिकामे झाले. सगळे धापा टाकत काठावर उभे राहिले, आणि नदीत नुसते गढूळ पाणी आले. लोंढा वरच्या वळणावरच अडकून थांबला होता. ट्रकवाला मात्र थांबला नाही, रिकामाच निघून गेला.

"बू गुरू, नदीला आज सुट्टी दिलीत वाटतं," एकजण म्हणाला.

"नदीची हजेरी घ्या आधी, मग ठोका," दुसरा म्हणाला.

संध्याकाळी वाडीची बैठक बसली. दुसऱ्या दिवशी पाक दिर्जो शाळेत आले. मुले बाहेर गेल्यावर माझ्याजवळचे टिपरू खुंटीवरून काढले.

"सूनबाई, हे माझ्याकडे राहील. माझं घर पात्राला लागून आहे. मी नदी बघेन, मग वाजेल."

"तुम्ही पलीकडे, बाबा, आणि टोल इथं."

"लोक माझ्या दारात येऊन बसतात, पोरी. मी त्यांना काय सांगू? माझी सून स्वप्नं बघते म्हणून सांगू?"

आमच्याकडे सून सासऱ्यांना दुसऱ्यांदा उलट बोलत नाही. बाईंनी मान खाली घातली आणि "हो, बाबा" म्हणाल्या. शाळेला पितळेची लहान घंटा मिळाली. ती गोड वाजे, पण पात्रापर्यंत पोहोचत नसे. माझ्या चिरेत मुलांनी शेंगांची टरफले कोंबली. वरच्या कडेवर कोंबडी बसू लागली. मित्रांनो, मला त्याचे वाईट वाटले, पण भीती त्याहून मोठी होती. कारण खांबातली गुणगुण थांबली नव्हती. ती हळूहळू जाड होत होती.

मग तो बुधवार आला. आमच्या पाच दिवसांच्या बाजारचक्रातला पाहिंग हा बाजाराचा वारही त्याच दिवशी होता, म्हणून ट्रक जास्त होते. ऊन लख्ख होते. डोंगराचा माथा मात्र दिसत नव्हता. शाळा सुटायला थोडा वेळ उरला होता आणि वाग्येम दारात येऊन उभी राहिली.

"लेगिनाला न्यायला आले, बू. ट्रक भरायचाय, हात कमी पडतात."

"सुटेपर्यंत थांब."

"अहो, घोट्याएवढंसुद्धा पाणी नाही आज. पाय भिजले नाहीत माझे."

बाईंचा खडू फळ्यावर थांबला. सकाळी त्यांनी पोटरीएवढ्या पाण्यातून मुले आणली होती. त्या दारात आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि खाली पाहिले. पात्रात नदी जवळजवळ नव्हती. वर कुठेतरी कशाने तरी तिला धरून ठेवले होते. त्यांनी तळहात माझ्या अंगावर ठेवला. मला वाटते, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यातली थरथर त्यांना कळली.

"वाग्येम, आत ये."

"बू, ट्रक जाईल."

"आत ये म्हणते ना. बस लेगिनाजवळ."

टिपरू पलीकडच्या काठावर होते. बाईंनी फळ्याजवळची लांब लाकडी पट्टी उचलली आणि तितिर सुरू केले. टरफले उडाली, कोंबडी ओरडत पळाली. खाली माणसांनी माना वर केल्या. कोणीतरी शिवी दिली असावी, पण पाय हलले. तितिर ते तितिर, रक्तातच असते. माणसे काठ चढू लागली.

आणि पट्टी मोडली.

मी गप्प झालो. मित्रांनो, तेवढी शांतता मी कधी ऐकली नाही. अर्ध्या चढावर माणसे थबकली. "थांबलं," कोणीतरी म्हणाले. "पुन्हा सुट्टी," दुसरा म्हणाला आणि हसला. फावडी खालीच राहिली होती. माणसे वळून उतरू लागली.

बाई मुठींनी मला मारू लागल्या, पण मांसाच्या ठोक्याने लाकडाला आवाज फुटत नाही. त्या वर्गाकडे वळल्या.

"बाकं वाजवा. तितिर. सगळ्यांनी."

मुले त्यांच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षे जे करू नका म्हणून सांगितले, तेच.

"वाजव, लेगिना."

लेगिनाने तळहात आपटले. मग तिच्या आईने. मग सारा वर्ग. दप्तरे, पाट्या, चपला, जे हाताला लागले ते बाकांवर पडू लागले. पत्र्याचे छप्पर थरथरले. असा आवाज माझ्या पोटातून कधी निघाला नव्हता. खालची माणसे पुन्हा थबकली आणि या वेळी धावत सुटली.

एक माणूस मात्र वर येत नव्हता. पलीकडच्या काठावरून पाक दिर्जो पात्रात उतरले होते आणि वाळू तुडवत शाळेकडे येत होते. हातात टिपरू होते.

"बाबा, मागे फिरा," बाई दारातून ओरडल्या. मुलांच्या गजरात ते त्यांना ऐकू गेले नसणार. बाईंनी एक पाऊल पायरीवर टाकले. लेगिना हातातली पाटी बडवतच उठून त्यांच्यामागे येऊ लागली, तिच्यामागे आणखी दोघे. बाईंनी ते पाहिले. त्यांनी पाऊल मागे घेतले, दार लावून पाठीशी धरले आणि म्हणाल्या, "थांबवू नका. कोणीही थांबवू नका."

मग लोंढा आला. तो पाण्यासारखा येत नाही. भिंतीसारखा येतो, आणि त्याच्या पोटात घराएवढे दगड एकमेकांवर दळत असतात.

वाडीत पुढे दोन मते झाली. काही म्हणत, म्हातारा सुनेला खडसवायला निघाला होता. काही म्हणत, टिपरू द्यायला. बाईंनी कधी कोणाला विचारले नाही. दार त्यांच्या पाठीशी होते, पण मी दाराबाहेर होतो. मी पाहिले. पाक दिर्जोंनी टिपरू जाड टोकाकडून धरले होते आणि मूठ पुढे केली होती, दुसऱ्याच्या हातात हत्यार देताना सुतार करतो तशी.

त्यानंतर बाईंनी पुष्कळ वर्षे शिकवले. दर सोमवारी त्या मुलांकडून बाकांवर तितिर वाजवून घेत आणि कोणाचा हात आधी थांबतो ते बघत. आता शाळेची नवी इमारत झाली आहे. मला लाल-पिवळा रंग देऊन फाटकाजवळ साखळीने टांगले आहे. गांधीलमाशा घरटे करतात म्हणून माझी चीर सिमेंटने बुजवली आहे. पाहुणे माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात. नदीकाठी खांबावर भोंगा बसवला आहे. त्याची बॅटरी गेल्या पावसाळ्यात कोणी काढून नेली, अजून नवी आलेली नाही.

मित्रांनो, जिचे काम ओरडणे आहे अशी वस्तू शोभेला टांगू नका. तिला रोज एकदा तरी वाजवा. तिचे टिपरू तिच्याजवळच ठेवा. माझी चीर मोकळी करा. हे मी आज सांगतो, कारण फाटकाच्या खांबातून मला पुन्हा ती गुणगुण येते आहे आणि सकाळपासून नदीचे पाणी कमी होते आहे.

त्या बुधवारी वर्गातले एकही मूल दगावले नाही. पाक दिर्जो त्याच दिवशी दुपारी, भातकापणीच्या आदल्या महिन्यात, पात्रात वारले. बू पार्तिना गेल्या वर्षी रमजानच्या पहिल्या आठवड्यात घरी वारल्या.