सुताखालचा वड

मी एक जुना वड आहे, मित्रांनो. वड म्हटलं की तुम्ही मान वर कराल. करू नका, खाली बघा. धुळ्यात झुलालच्या ओट्यावर फुटक्या माठाच्या बुडात बसलोय, तो मी. उंची हातभर. कोंबडीसुद्धा मला ओलांडून जाते.

स्वातंत्र्य आलं त्या साली मी गिरणीच्या भिंतीत उगवलो. लोक उपटून फेकणार होते, पण तिथं कामाला असलेल्या झुलालनं मला घरी आणलं. त्याची बायको इंदिराबाई खूश. वडपौर्णिमेला लांब जायला नको, वड घरचाच. मला पाटावर ठेवायची, सात फेरे घालायची आणि सूत गुंडाळायची. तेही कच्चं नाही, गिरणीतलं पीळदार. कुजत नाही, तुटत नाही. जुनं सोडायचं नाही, नवऱ्याचं आयुष्य त्यात बांधलेलं. दर साली नवं त्याच्यावरून.

मी जाड होत गेलो, सूत सालीत रुतत गेलं. गळा आवळलेला आणि वरून हळदकुंकू. लोक म्हणायचे, काय छान पूजा करते बाई. माझं डोकं फिरायचं. पुढं पुढं रागवायचाही कंटाळा आला.

मग झुलालला खोकला लागला. उठवेना त्याला. इंदिराबाईनं घाबरून सूत आणखी आवळलं, तशी माझी पानं गळायला लागली. आता वड वाळला तर धनी जाणार, आणि सूत कापलं तरी धनी जाणार. चूल न पेटवता ती माझ्यापुढं बसून राहिली.

शेजारच्या सुगंधाबाईनं ते पाहिलं. ती विधवा, म्हणून या पूजेला तिला कोणी बोलवायचं नाही. माहेरी तिनं बोरींवर कलमं बांधलेली. ती म्हणाली, "माले काय भ्याव? मना धनी तं कधीच गया. लई ये ईळा."

इंदिराबाईनं विळा आणून दिला, तसं तिनं सूत कापलं. वाळक्या फांद्या छाटल्या. सुतानं सालीचं कडंच मारून टाकलं होतं. मग रसाला वाट मिळावी म्हणून खालचा एक हिरवा फुटवा तिनं त्या कड्यावरून वर वाकवला, वरच्या जिवंत सालीत खोचला आणि केळीच्या ओल्या सोपटानं बांधला.

पावसाळाभर मी धड मेलो नाही, धड जगलो नाही. शेवटी शेंड्याला लालसर कोंब फुटला. झुलालही खोकत खोकत गिरणीत जायला लागला. कोणामुळं कोण जगलं, मला विचारू नका. डॉक्टरची बाटलीही होतीच.

पुढच्या वडपौर्णिमेला गल्लीतल्या बाया ताटं घेऊन आल्या. माझं वाकडं खोड बघून भिकुबाईनं विचारलं, "वडले ईळा लावनारी कोन व ती?"

सुगंधाबाई आपल्या ओट्यावरून उठून आत निघाली. तेवढ्यात इंदिराबाई बोलली.

"सुगंधाबाईनी लावा. म्हनीसन मना धनी जिता शे. ये व अक्का, आठे बैस."

भिकुबाईनं ताट उचललं. तिच्यामागं आणखी दोघी गेल्या. सुगंधाबाई आली, माझ्याजवळ बसली आणि मातीत बोट घालून ओल बघितली. पूजेपेक्षा मला ते बरं वाटलं.

मी दमलोय, मित्रांनो. आमची पूजा करा, नाहीतर नका करू. पण जे बांधलंय ते वर्षातून एकदा सोडून बघत जा, खाली साल जिवंत आहे का.