वर धरलेला चष्मा

रौतालुमी या बँडचं ते लांब गाणं वेन्लाने प्रत्यक्ष कधीच ऐकलं नव्हतं, आणि ही गोष्ट ती चारचौघांत सांगत नसे. शाळेत असल्यापासून ती या बँडच्या मागे होती. घरी ते गाणं तिने इतकं ऐकलं होतं की बाळंतपणाच्या कळा तिने त्याच ठेक्यावर सोसल्या. पण कार्यक्रमाला गेली की काहीतरी आडवं यायचंच. पहिल्यांदा ऐन त्या गाण्याच्या तोंडावर तिला गर्दीत भोवळ आली. दुसऱ्यांदा ती बायकांच्या संडासाच्या रांगेत अडकली. तिसऱ्यांदा तिला सातवा महिना होता आणि ड्रमच्या पहिल्याच ठोक्याला पोटातल्या पोराने अशी लाथ मारली की ती घाबरून थेट दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही नाही, पोराला आवडलं असेल.

आता बँडच बंद होणार होता. ड्रमवाल्याचा खांदा कामातून गेला होता. निरोपाचा दौरा दोन वर्षं रेंगाळला होता. वेन्लाची मैत्रीण इल्मी म्हणायची, माझं लग्नसुद्धा याहून लवकर आटोपलं. तरी फिनलंडमधल्या ताम्पेरेचा, म्हणजे बँडच्या घरच्या गावातला हा कार्यक्रम मात्र खरोखर शेवटचा होता. आज हुकलं की ते गाणं कायमचं हुकलं.

म्हणून वेन्लाने तयारी कडेकोट केली होती. पाणी बेतानं प्यायलं, पोटभर खाल्लं. दहा महिन्यांच्या ओन्नीला सासूबाईंकडे सोपवलं आणि बजावलं की काही झालं तरच मेसेज करा, नाहीतर नको. सासूबाईंनी चार पोरं वाढवली होती, त्यांनी नुसती मान डोलावली. आता तळ्याकाठच्या मैदानावर उभी राहून वेन्लाला काळजी लागली होती, की एकही मेसेज कसा आला नाही.

जुलैतला सूर्य संध्याकाळ उलटली तरी जागचा हलायला तयार नव्हता. भाजलेल्या सॉसेजचा वास, काळे कपडे, दाढ्या, दंडांवर गोंदलेल्या कवट्या. एरवी हेच लोक बस स्टॉपवर एकमेकांपासून दोन हात लांब उभे राहतात आणि शेजाऱ्याशी बोलायला नको म्हणून लिफ्ट सोडून जिन्याने जातात. इथे मात्र पैसे मोजून ते एकमेकांच्या अंगावर आदळायला आले होते. स्टेजसमोर रिंगण पडलं होतं आणि त्यात माणसं घुसळून निघत होती.

रिंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या वेन्लाचं लक्ष सगळीकडे होतं. बाहेर पडायची वाट कुठे, जास्त प्यायलेलं कोण, कुणाच्या बुटाची नाडी सुटली आहे. एका बापाच्या खांद्यावर बसलेल्या मुलीच्या कानांवरचं, मोठा आवाज अडवणारं कानझाकण घसरलं होतं, ते तिने पुढे होऊन नीट बसवून दिलं.

"आईसाहेब, गाणं ऐकायला आलायत की पाळणाघराची तपासणी करायला?" इल्मी म्हणाली.

"बसवून दिलं तर काय बिघडलं?"

"काही नाही. फक्त आज स्टेजकडे तोंड करून उभी राहा."

वेन्लाने कबूल केलं आणि फोन खिशात टाकून चेन लावली. तेवढ्यात गायक माइकजवळ आला आणि "आता ते लांब गाणं" एवढंच बोलला. फिनलंडच्या मानाने हे भाषणच झालं. मैदानावर एकच आरोळी उठली, गिटारची पहिली सुरावट निघाली, आणि वेन्लाच्या बुटाखाली काहीतरी सरकलं.

तो चष्मा होता. तिने खाली वाकून तो उचलून पाहिला, तर भिंगं बाटलीच्या बुडासारखी जाड.

रिंगणाचे नियम कुठे लिहिलेले नसतात, पण ते सगळ्यांना पाठ असतात. पडलेल्याला आधी उचलायचं. सापडलेली वस्तू वर धरायची आणि मालक येईपर्यंत जागा सोडायची नाही. वेन्लाने हात उंच केला. लगेच आजूबाजूच्यांनी अंग चोरून तिच्याभोवती मोकळी जागा केली. एवढ्या घुसळणीत तिला कुणाचा साधा धक्काही लागेना.

"खिशात टाक की!" इल्मी तिच्या कानाशी ओरडली. "नंतर हरवलेल्या वस्तूंच्या टेबलावर दे."

पण ही एवढी जाड भिंगं. यांचा मालक आत्ता या गर्दीत आंधळ्यासारखा चाचपडत असणार. कोवळं पोर असेल तर? खाली शोधायला वाकलं आणि वरून बूट पडला तर? वेन्लाने स्टेजकडे पाठ केली आणि एकेक चेहरा निरखायला सुरुवात केली. डोळे बारीक करणारा कोण, जमिनीकडे बघणारा कोण, घाबरलेला कोण. कुणी एक वाकला तशी ती जागच्या जागी पुढे झुकली, तर तो नाडी बांधत होता. हात भरून आला तेव्हा तिने दुसरा हात वर केला. अगदी समोर एक दांडगा माणूस डोळे मिटून, तोंड वर करून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरत होतं. त्याला तिने सगळ्यात आधी वगळलं. काही हरवलेला माणूस इतका सुखात कसा असेल?

मैदान एका सुरात गाऊ लागलं, मग एकदम गप्प झालं, मग टाळ्यांचा पाऊस पडला. गाणं संपलं होतं.

समोरच्या दांडग्याने डोळे उघडले, ते चोळले आणि हवेत चाचपडत दोन पावलं पुढे आला. तिच्या हाताच्या फार जवळ नाक नेऊन तो म्हणाला, "हा माझाच की."

वेन्लाने हात खाली घेतला. "तुझा? कधी पडला?"

"सुरुवातीलाच."

"मी सगळा वेळ तुलाच शोधत होते. तू तर माझ्यासमोर उभा होतास."

"असेन."

"मग शोधला का नाहीस?"

"शोधायला चष्मा लागतो," तो शांतपणे म्हणाला. "आणि गाण्याला लागत नाही." त्याने चष्मा शर्टाला पुसून डोळ्यांवर चढवला, तेव्हा कुठे त्याला तिचा चेहरा दिसला. तो जरा ओशाळला. "तू ऐकलं नाहीस?"

वेन्लाने आठवून पाहिलं. कानावर पडलं होतं खरं. पण तिला आठवत होते ते दोन-तीनशे चेहरे, एक सुटलेली नाडी आणि ही ओली दाढी. गाण्याचा एक सूरही हाताला लागेना.

"शेवट कसा केला त्यांनी?" तिने विचारलं. रेकॉर्डवरचा शेवट तिला तोंडपाठ होता, पण प्रत्यक्षात तो दर वेळी वेगळा असतो असं सगळे सांगायचे.

त्याने बराच वेळ विचार केला. तिला वाटलं, आता काहीतरी मिळेल.

"चांगला केला," तो म्हणाला.

आणखी विचारण्यात अर्थ नव्हता. इल्मीने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. स्टेजवर ड्रमवाल्याने खांदा चोळला आणि बँडने शेवटचं गाणं सुरू केलं. दोन मिनिटांचं, आरडाओरड्याचं, वेन्लाला शाळेपासून न आवडणारं. तिचे दोन्ही हात आता रिकामे होते. ती स्टेजकडे तोंड करून उभी राहिली आणि तेवढं एक गाणं तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं.