थांब म्हणजे काय?

“तो बिचारा काऊ पावसात भिजून राह्यला, अन् हिले दार उघडाले इतका टाइम कावून लागते?” खिचडी ढवळता ढवळता मदतनीस मैनाबाई पुटपुटल्या.

अकोटच्या अंगणवाडीत गीतांजलीताई चिऊ-काऊची गोष्ट सांगत होत्या. काऊ दार वाजवतो, चिऊ म्हणते, “थांब, बाळाला तीट लावू दे.”

“थांब म्हणजे काय रे?” ताईंनी विचारलं.

“वाट पाहाची!” पोरं ओरडली.

“थांब म्हंजे नाई,” आचल म्हणाली.

ताई बुचकळ्यात पडल्या. असं उत्तर त्यांच्या शिकवायच्या तक्त्यात कुठंच नव्हतं.

“अगं, शेवटी चिऊ दार उघडते ना?”

“गोष्टीत तुमी तसं सांगता. पन मी आईचं इचारलं की रोज म्हनता, थांब, उद्या येईल.”

आचलच्या आईनं वरूडला दुसरा संसार मांडला होता. एकट्या आचलखेरीज साऱ्या गल्लीला ते ठाऊक होतं. ताईंनी मैनाबाईंकडे पाहिलं, मैनाबाईंनी खिचडीकडे. पोरीचं उत्तर चूक म्हणावं की बरोबर, ताईंना काही केल्या कळेना.

“सांगा न ताई, येनार हाये का?”

ताईंनी तिला मांडीवर ओढलं.

“नाही येनार, बेटा.”